डब्याचं दार

माझा धाकटा भाऊ म्हणजे घाईचा मूर्तिमंत पुतळा. आमच्या जुन्या डब्याला, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या खोलीला, त्यानं चाकांवरचे नवे पोलादी पानांचे स्प्रिंग-पाटे, नवी बेअरिंगं, नवे टायर सगळं बसवलं आणि गंजलेले जुने पाटे त्याच दिवशी भंगारात देऊन मोकळा झाला. अरे, ताडून बघायला एक तरी ठेवायचास! पण नाही. साहेबांना अंगण स्वच्छ हवं होतं.

सामान भरलं, पाण्याची टाकी भरली, बाबांचा पलंग चढवला आणि डबा मटकन खाली बसला. टायर आणि वरचा पत्रा यांच्यात बोटसुद्धा शिरेना.

"वजन बघून आणलेस ना रे?"

"ताई, दारावरच्या कंपनीच्या पट्टीवर लिहिलंय, भरल्यावर अकराशे किलो. मला वाचता येतं."

शनिवारी निघायचं होतं. आत्या अंथरुणाला खिळलीय आणि फोनवर एकच धोशा लावलाय, भावाला एकदा आणा. अर्धांगवायूनंतर बाबांना गाडीत तासभरही बसवत नाही. त्यांना आडवं नेता येईल असं आमच्याकडे हे एवढंच. आणि हे असं करून ठेवलेलं!

त्यात बाबांचं सुरू झालं. खुर्ची डब्याजवळ घ्यायला लावतात आणि काठीनं दारावर ठक ठक. चार दिवस हेच. वाचा गेली, पण काठी काही थांबत नाही.

"बाबा, शनिवारी निघायचंय, आज नाही! दार फोडाल!" मी ओरडले. ओरडलेच.

मग तो भरलेला डबा रांगत रांगत पार्टवाल्याच्या दुकानापर्यंत नेला. म्हटलं, हे काय गळ्यात मारलंत?

"बाई, तुमच्या भावानं पट्टीचा फोटो दाखवला. अकराशेला मी अकराशेचेच पाटे देणार ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारीच वजनकाटा होता. चढवला डबा. सोळाशे वीस! मग मी डबा बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार केला, लबाड, चोर, तोंडाला येईल ते. दुकानदार डब्याच्या दाराशी गेला आणि बिजागरीवरून अंगठा फिरवून म्हणाला, "हे दार ह्या डब्याचं नाहीच. रंग खरवडला की खालून निळा निघतोय. दुसऱ्या छोट्या डब्याचं आहे. पट्टी त्याच्यासोबत आली. कुणी बदललं?"

बाबांनी, माझ्यामुळे. एकोणीस वर्षांची असताना डबा मागे घ्यायला शिकत होते आणि दार फाटकाच्या खांबावर घातलं होतं. बाबा एका शब्दानं रागावले नाहीत. भंगारातून दुसरं आणलं आणि दोन दिवस कानशीनं घासून बसवलं. स्क्रू कोणी धरले होते? मी. आणि चार दिवस मी भावाला आंधळा म्हणत होते! बाबांची काठी चार दिवस त्याच दारावर वाजत होती.

घरी आले. बाबा अंगणातच होते. मी त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले. म्हटलं, आता बाबांनाच विचारते.

"त्यांना काय विचारतेस? कळतंय का त्यांना काही?" भाऊ म्हणाला.

"तोंड बंद ठेव! आठ महिने आपण त्यांना जेवलात का आणि झोपलात का, एवढंच विचारतोय. जन्मभर गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला!" माझा आवाज फाटला. लाज वाटत होती, आणि ती मी त्याच्यावरच काढत होते.

"बाबा, जुन्या पाट्यांना पानं किती होती? एकात?"

त्यांनी डावा हात वर केला. पाच बोटं. मी कागदावर लिहीपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

मग त्यांनी काठी उचलली आणि नव्या टायरवर टेकवली. टायरही अकराशेच्याच हिशेबानं आणलेले, तेही चुकलेच होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मी विचारायची वाट बघत.