विधवेच्या घरातले पोलीस

मास्तर मोठे हुशार, पण जीभ कशी ती स्वस्थ बसायची नाही. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले तरी हरणाबाईच्या गोठ्यात बसून पोरांना आयर्लंड नावाच्या मुलखाची गोष्ट सांगायचे. तिथंही राज्य इंग्रजाचंच. शंभर वर्षांमागं शिकल्या-सवरल्या तरण्या पोरांनी वर्तमानपत्र काढलं, झेंडा केला. बटाटा कुजून माणसं उपाशी मरत होती, तरी ती पोरं लढायला उठली. पोलीस पळत एका विधवेच्या घरात शिरले. आत तिची लेकरं. गवत लावून घर पेटवायचं निघालं, तर पुढारीच नको म्हणाला. तिथंच बंड मोडलं आणि पुढारी काळ्या पाण्यावर गेले.

"लावायची व्हती काडी," मानसिंग म्हणाला. या पोरांच्या गटाचा म्होरक्या, बावीस वर्षांचा, राग नाकावर.

हरणाबाई धार काढत होती. तिचाही नवरा गेलेला. तिनं नुसतं वर पाहिलं.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात सहा पोलीस गावात आले. हरणाबाई रानात होती. दारात आलेल्याला गूळपाणी द्यायचं ही आईची शिकवण, म्हणून तिच्या दोन पोरांनी त्यांना सरळ घरात घेतलं. तेवढ्यात मानसिंगच्या गटानं घर वेढलं. फौजदारानं आतून कडी घातली.

हरणाबाई धावत आली, तर मास्तरांच्या डोळ्यांदेखत गटातली पोरं भिंतीला कडबा रचत होती.

"मानसिंग, आत माझी लेकरं हायत."

"धूर लागला की पोलीस सोडत्यात बघ त्यास्नी, मावशी. तासगावची पोलिसांची कुमक यायच्या आत उरकाय पायजे."

"आन न्हाई सोडली तर?"

त्यानं काडेपेटी काढली. हरणाबाईला संताप आला. ती कडब्यावरच जाऊन बसली.

"मग आदी मला लाव."

मानसिंगनं काडेपेटी खिशात टाकली. मास्तरांसह गटातल्या पोरांना ओढ्याकडं पिटाळलं, पिस्तूल जमिनीवर ठेवलं आणि ओरडून सांगितलं, "फौजदार, लेकरं सोडा, मी येतो." सरकारला तोच हवा होता. दार उघडलं. पोरं आईला येऊन बिलगली.

भूमिगताला आसरा दिला की घराची जप्ती, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. फौजदारानं मानसिंगला दोर बांधून विचारलं, "बाई, याला ओळखतेस?"

"त्या कशाला वळखत्यात मला," मानसिंगच घाईनं म्हणाला.

हरणाबाईनं धाकट्याचं नाक पदरानं पुसलं.

"न वळखाया काय झालं? माझा थोरला हाय त्यो."

दिवस मावळायच्या आत घरावर जप्ती आली. हरणाबाईनं शेजारच्या धोंडुबाईच्या अंगणात चूल मांडली.