नेथनची नोरा झाली

टाइपरायटर आहे मी, हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरचा, आणि माणसांना पुरता विटलोय.

आधी एका वकिलाच्या नोटिसा बडवल्या. मग अलोन्झोने मला घरी आणलं. तो दिवसा शाळेत शिकवायचा, संध्याकाळी कादंबरी लिहायचा. सोबत क्लेटस राहायचा, आगगाडीच्या भोजनडब्यातला वाढपी. गाडीवरून परतला की तो भेंडी तळायचा आणि अलोन्झोची ताजी पानं मोठ्याने वाचायचा. जिन्यात कुणी विचारलं तर तो मावसभाऊ. घरात कोण, ते मला ठाऊक.

कादंबरी दोन काळ्या पुरुषांच्या प्रेमाची. त्यातला नेथन म्हणजे हुबेहूब क्लेटस, हसताना तोंडावर हात धरणारा. इतकं जीव लावून माझ्यावर कधी कुणी लिहिलं नव्हतं.

मग शहाण्यांची रीघ लागली. गोऱ्या संपादकाने सांगितलं, काळ्या लेखकाने गोऱ्यांवरचा राग लिहावा. असलं प्रेमच हवं तर पात्रं गोरी करावीत. काळे आणि वर असले, वाचकाला पचायचं नाही. आपल्याच वस्तीतला मासिकवाला म्हणाला, आपली बदनामी आधीच काय कमी आहे?

शेवटी अलोन्झोने नेथनची नोरा केली. सगळी पानं पुन्हा माझ्याकडून बडवून घेतली. माझ्या कळा झिजल्या, त्याला लाज वाटली नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर क्लेटसने ती वाचली. कोटही काढला नव्हता.

“मला झगा घातलास?”

“छापायचं तर दुसरा मार्ग नाही रे.”

“जिन्यात मी तुझा मावसभाऊ. तुझ्या बहिणीपुढे भाडेकरू. निदान कागदावर तरी मला मी राहू द्यायचं होतंस, लोन.”

अलोन्झो पानांच्या कडा जुळवत बसला. पानंच्या पानं लिहिणारा माणूस, तेव्हा एक शब्द सुचू नये? क्लेटस पुढच्या गाडीने गेला तो शिकागोलाच राहिला.

पुस्तक निघालं, खपलंही. बायकांना नोराचं कौतुक किती करू नि किती नको असं झालं. बहीण व्हर्डेल डोळे पुसत म्हणाली, “इतकी गुणाची पोर, कुठे असते रे? लग्न का नाही केलंस तिच्याशी?”

“शिकागोला असते,” अलोन्झो म्हणाला.

तेव्हापासून माझ्यात कागद चढला नाही. माझ्यावर इस्त्रीचे शर्ट पडतात. कधीमधी तो समोर बसतो, कळांवर बोटं टेकवतो आणि उठून जातो.

अरे बाबा, माझी शाईची फीत वाळत चालली. कादंबरी राहू दे. वर नुसतं ‘प्रिय क्लेटस’ एवढं लिही. पुढचं तुला सुचेल.