हात बाहेर?

मला कुणी अक्कल शिकवलेली खपत नाही, हे आधीच सांगून टाकते. झालं ते त्यामुळेच झालं.

चाकणला दादासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरचं काय असेल ते मी बघते. आकुर्डीहून रोज स्कूटीवर येते. आमच्याकडे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, दाबून बसवायची एक प्रेस आहे, हवेवर चालणारी, दोन टनांची. तिला चालवणारा प्रोग्राम कुणी लिहिला, देव जाणे. लिहिणारा कधीच सोडून गेला, मूळ कोड कुणाकडे नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. दर दहा सेकंदांनी तो सेन्सरकडे बघायचा. साच्यात काही दिसलं की विचारायचा, ‘हात बाहेर?’ प्रेसवरची कस्तुरा ‘हो’ दाबायची, मग प्रेस खाली यायची.

“काळा पडदा बघून कंपनीचे साहेब नाकं मुरडत्यात, विजयश्री,” दादासाहेब म्हणाले. “जरा बरं दिसंल असं कायतरी कर की.”

मी केलं. झकास खिडकी बनवली. वर वर्कशॉपचं नाव, मधे नगांचा आकडा, खाली मोठं हिरवं बटण. जुना प्रोग्राम पडद्याआड तसाच चालणार होता. त्याचं बोलणं मी एका फाईलकडे वळवलं. विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर, दोन्ही तिच्यात उतरायची. त्याला द्यायचं उत्तर माझ्या खिडकीतून जायचं. हिरवं बटण दाबलं की आत ‘हो’ पोचायचं. तो प्रश्न मात्र मी दिसूच दिला नाही. उगाच दर वेळी तीच कटकट.

कस्तुरा परभणीकडची. चार वर्षं त्याच प्रेसवर. ती म्हणाली, “ताई, ती इचारायची ते बरं होतं. तेवढं राहू द्या की.”

“अगं, तुझा हात कुठे आहे ते तुला कळत नाही का?” मी म्हणाले. आजूबाजूचे हसले. मीही हसले, मेली!

आठवडाभराने ती पुन्हा आली. “ताई, म्या बटन दाबायच्या आदीच खाली यायलीय ती.”

“काहीतरीच काय!”

“रोज जरा जरा लवकर यायलीय.”

मी लक्ष दिलं नाही. तिने उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. बुश ठेवला की चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायची. बाकीच्या बायका जेवायच्या सुट्टीत तिच्या टेबलाजवळ बसेनाशा झाल्या. शेवटी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन उभी राहिले. कस्तुराने बुश ठेवला, दोन्ही हात पदरात घेतले. बटणाला कुणाचं बोटही नाही. वरून फुस्स झालं आणि प्रेस खाली आली. आकडा एकाने वाढला.

मला घाम फुटला. पण तोंडाने काय म्हणाले? “सेन्सर गेला असेल. दसऱ्यानंतर बघू.”

खंडेनवमीला काम बंद. सकाळी हवा मारून सगळ्या मशिनी स्वच्छ केल्या होत्या, झेंडूच्या माळा चढवल्या होत्या. लायटिंगच्या माळेला करंट प्रेसच्याच पॅनेलमधून घेतला होता, त्यामुळे मेन चालू होता. कस्तुराला मात्र काम बंद म्हणजे प्रेसही बंद, असंच वाटत होतं. मी कॉम्प्युटरला कुंकू लावायच्या आधी तो बंद करायला बसले. सहज आत काय काय चालू आहे ते पाहिलं.

त्या प्रोग्रामचं नाव अठरा वेळा.

झटकन सगळं कळलं. रोज संध्याकाळी मी बंद करत होते ती फक्त माझी खिडकी, कॉम्प्युटर रात्रभर चालूच असायचा. आतला जिवंतच राहत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी नवा जन्मायचा. आता त्यांना उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून शेवटचं ऐकलेलं ‘हो’च ते धरून बसले होते. अठरा जण आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेला डोळा उघडून साच्यात बघतोय. सेकंदाला जवळजवळ दोघं.

मी मागे वळले. कस्तुराचा हात कोपरापर्यंत साच्यात होता.

ती कुंकवाची बोटं ओढत होती. सेन्सरचा लाल दिवा पेटलेला. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जागचं हलताही येईना. एक बोट, दुसरं, तिसरं, अशी पाच बोटं तिने सावकाश ओढली. मग झेंडूचं फूल ठेवलं. त्यावर सुपारी ठेवली, सरळ केली. प्रेस तिच्या मनगटाच्या वर टांगल्यासारखी स्तब्ध. कस्तुराने हात बाहेर घेतला.

फाट्!

सुपारीचा भुगा झाला. कस्तुरा मटकन खाली बसली. दादासाहेब ओरडले, “मेन पाडा, मेन पाडा आदी!” मी धावले, तिचा हात हातात घेतला, एकेक बोट चाचपून पाहिलं. कुंकवाने माखलेली पाचही बोटं शाबूत होती. मी हमसून हमसून रडले. “चुकलं गं माझं, कस्तुरा. तू सांगत होतीस.”

ती पदराने बोटं पुसू लागली.

तिला पाणी दिलं, मग मी ती फाईल उघडली. पानंच्या पानं तेच. ‘हात बाहेर?’ ‘हो.’ ‘हात बाहेर?’ ‘हो.’ मग अकरा वाजून बारा मिनिटं. कस्तुराचा हात आत गेला ती वेळ. अठराही जण पाठोपाठ विचारत सुटले होते, आणि प्रत्येक प्रश्नाखाली लिहिलं होतं, ‘नाही.’ ‘नाही.’ ‘नाही.’ मी मोजले, एकोणपन्नास वेळा. त्यानंतर एकदाच, ‘हो.’

माझ्या खिडकीला ‘नाही’ म्हणताच येत नाही. तो शब्द मी तिच्यात घातलाच नव्हता. कीबोर्डसमोर मी बसले होते, आणि माझे हात मांडीवर होते.

कस्तुरा माझ्या खांद्यावरून वाचत होती. “ताई, तुमी म्हनलात का ‘नाही’?”

लाज वाटली, पण खोटं बोलवेना. मी म्हणाले, “नाही गं. मला सुचलंच नाही.”