कपाट, टाचणी आजी आणि माझी मागची सीट

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून माझा रंग बघून तुम्ही नाकं मुरडायला नकोत. मी एक पिकअप गाडी. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक माणूस, त्यांच्या मागे दुसरी लांब सीट, आणि पाठीवर माल भरायचा उघडा हौदा. रंग दुधी भोपळ्याचा. कारखान्यातल्या रांगेत माझ्या पुढची गाडी लाल होती, मागची निळी होती. मधल्या मधे मला हा रंग कोणी आणि काय विचार करून दिला, ते मला अजून उमगलेलं नाही.

जन्माची गोष्ट फार लांबवत नाही. पत्रा कापला, वाकवला, जोडला, चाकं बसवली आणि मी चालायला लागले. माझा पहिला मालक रस्ते बांधणारा ठेकेदार होता. त्याच्याकडे मी खडी वाहिली, डांबराची पिंपं वाहिली. माझ्या मागच्या सीटवर माणूस म्हणून कधी बसला नाही, तिथे फावडी आणि घमेली बसत. पुढे त्याने मोठा ट्रक घेतला आणि मला जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात नेऊन उभं केलं.

तिथे मी पुष्कळ दिवस उभी होते. गिऱ्हाइकं यायची, माझ्या टायरला एक लाथ मारायची आणि पुढे जायची. टायरला लाथ मारून गाडीतलं काय कळतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. माल नेणाऱ्यांना माझा हौदा आखूड वाटे आणि माणसं नेणाऱ्यांना हौदाच नको असे. मी धड इकडची ना तिकडची. मला फार वाईट वाटायचं.

मग एका सकाळी चार माणसं एक लाकडी सांगाडा खांद्यावर घेऊन आवारात शिरली. चार कसली, सांगाडा तिघांच्या खांद्यावर होता आणि चौथी व्यक्ती पुढे चालत हुकूम सोडत होती. "डावीकडे घ्या, जावईबापू! अहो डावीकडे, ते उजवीकडे आहे!"

त्या होत्या टाचणी आजी. अंगाने टाचणीएवढ्या आणि बोलणंही तसंच टोचणारं, म्हणून सगळे त्यांना टाचणी आजी म्हणायचे. जावई कपाटं बनवणारा सुतार होता. त्याची बायको कपाटांचे पल्ले बसवायची, म्हणजे दारं हो. आणि तिसरा त्यांचा कामगार लांबू, ज्याचे पाय कुठल्याही गाडीत पुढच्या सीटशिवाय मावत नसत.

"हे काय आणलंत?" विक्रेत्याने विचारलं.

"कपाट," सुतार म्हणाला.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं घरी. आमचं कपाट गाडीत बसतं का, तेवढं बघायचंय."

सुताराने खरोखरच आपल्या कपाटाच्या मापाचा पट्ट्यांचा सांगाडा करून आणला होता. जी गाडी आवडेल तिच्यात तो चढवून बघायचा, असा त्याचा बेत. एका पांढऱ्या लांबलचक गाडीत सांगाडा अगदी ऐसपैस बसला. सुताराचा चेहरा खुलला. त्या गाडीला पुढे दोनच सीटा होत्या, मागे सगळा हौदाच हौदा.

"अहो, पण आईला कुठे बसवायचं?" बायकोने विचारलं.

"आई बसनं येतील."

"गुडघा बघितलात का तिचा?"

"मी कपाटात बसून येते," आजी म्हणाल्या. "तसंही तिथे पोचल्यावर कपाटातच बसायचंय मला."

विक्रेत्याला हे काही कळलं नाही. मलाही कळलं नाही. पण बायको जागची हलेना, तेव्हा सुताराने नाइलाजाने सांगाडा उचलला आणि एकेक गाडी करत ते सगळे माझ्याकडे आले. सांगाडा माझ्या हौद्यात चढला. मागचा फाळका खाली पाडला तरी त्याचे पाय वीतभर बाहेर राहिले.

"वीतभर बाहेर येतंय," सुतार कुरकुरला.

"वीतभरच ना? लाल फडकं बांधा," बायको म्हणाली.

तोवर आजींनी बरोबर आणलेलं बुटकं स्टूल माझ्या मागच्या दारापाशी ठेवलं, त्यावर पाय दिला आणि त्या आत येऊन बसल्या. माझ्या मागच्या सीटवर बसलेलं ते पहिलं माणूस. त्यांनी सीट दाबून पाहिली. बाजूच्या काचेतून पाहिलं, मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. "इथं उजेड छान येतो," त्या म्हणाल्या. "आणि मागचं कपाटही दिसतं. हीच घ्या. रंग भिकार आहे, पण मी आत बसणार आहे, मला कुठे दिसतोय!"

मित्रांनो, माझं असं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

आजींना कपाटात का बसायचं होतं, ते मला पहिल्याच खेपेला समजलं. या घराची कामाची एक रीत होती. कपाट कारखान्यात कितीही सरळ असलं तरी लोकांच्या घरची जमीन सरळ नसते. कुठे फरशी बसलेली, कुठे कोपरा उचललेला. कपाट तिथे ठेवलं की ते जरासं तिरकं होतं आणि पल्ल्यांना फट पडते. बाहेरून ती फट दिसत नाही. म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी कपाट जागेवर लावायचं, मधली फळी काढायची, आत ते बुटकं स्टूल ठेवायचं, त्यावर टाचणी आजींना बसवायचं आणि पल्ले बंद करायचे.

"उजेड येतोय का?" बाहेरून लेक विचारायची.

"खालून येतोय! डावीकडून!" कपाट बोलायचं.

मग लेक कपाटाच्या पायाखाली पाचर सारायची, बिजागरीचा स्क्रू जरा आवळायची. पुन्हा विचारायची. असं करता करता आतून आवाज यायचा, "अंधार! झकास अंधार!" की काम झालं. घरातली मुलं टाळ्या वाजवायची. मी दारात उभी राहून उघड्या खिडकीतून हे सगळं ऐकायची आणि मलाही हसू यायचं. एका घरी तर मांजर आजींच्या आधी कपाटात जाऊन बसलं होतं. त्या अंधारात दोघांची अशी काही जुंपली, की कपाट स्वतःच गुरगुरतंय असं वाटलं.

ती माझी फार सुखाची वर्षं. पुढे सुतार आणि लांबू, मागे मायलेकी, पाठीवर कपाट आणि त्याच्या पायांना लाल फडकं. आजी सगळा रस्ताभर बोलत असायच्या. कुठल्या घराला नवीन रंग लागला, कुणाच्या गच्चीवर कुणाचे कपडे वाळताहेत, सगळं त्यांना दिसायचं. गुडघ्यामुळे घराच्या तीन पायऱ्या उतरणंसुद्धा ज्यांना जड जायचं, त्या आजी माझ्या खिडकीतून सगळं गाव पालथं घालायच्या. काम झालं की माझ्या मागच्या दाराला थोपटून म्हणायच्या, "चल गं भोपळे, घरी."

पण सुखाला नजर लागते म्हणतात तसं काहीसं झालं. सुताराला एका वसतिगृहाचं मोठं काम मिळालं. खोलीखोलीत कपाट. एका खेपेला एक कपाट न्यायचं म्हटलं तर काम सरेना. सुतार माझ्याभोवती मोजपट्टी घेऊन फिरू लागला. त्याच्या हातात मोजपट्टी आली की मला धडकीच भरायची.

"मागची सीट काढली," तो बायकोला म्हणाला, "तर पल्ले, खण, फळ्या सगळं आत मावेल. मग हौद्यात दोन कपाटं आडवी बसतील."

"आणि आम्ही?"

"तुम्ही आता घरी आराम करा. उजेडाचं काम आपण इथेच कारखान्यात उरकू. आईंचा गुडघाही वाचेल."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याला खरंच वाटत होतं की आपण सासूबाईंचे कष्ट वाचवतोय. त्याने पाना घेतला, बोल्ट काढले आणि माझी सीट कारखान्याच्या भिंतीला नेऊन लावली. टाचणी आजी नुसत्या त्या सीटवर जाऊन बसल्या. तिथून समोर भिंत दिसत होती. आजी गप्प बसल्या, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला अगदी पोरकं झाल्यासारखं वाटलं.

आता कारखान्यात आजी कपाटात बसत, "अंधार" म्हणत, आणि दोन दोन कपाटं माझ्या पाठीवर चढत. सुतार खूश होता. पण वसतिगृहातून निरोप येऊ लागले. एका खोलीतला पल्ला आपोआप उघडतो. दुसरीकडे कपाटात धूळ जाते. तिसरीकडे झुरळांनी बिऱ्हाड थाटलंय. सुतार चक्रावून गेला. त्याने लाकडाला दोष दिला, बिजागऱ्यांना दिला, हवेला दिला, आणि शेवटी खापर माझ्या माथी फोडलं.

"ही गाडीच धक्के देते. कपाटं दाटीनं बसतात, म्हणून खिळखिळी होतात. हौदा लांब हवा."

त्याने वेल्डरला बोलावलं. वेल्डरने मला पुढून मागून पाहिलं आणि तो म्हणाला, "मागची केबिन कापून काढू. शनिवारी येतो." सुताराने खडू घेतला आणि माझ्या टपावरून, पुढच्या दारामागे, एक पांढरी रेघ ओढली. इथून कापायचं. मित्रांनो, सीट काय, आज काढली तर उद्या लावता येते. पण बसायची जागाच कापून टाकली, तर टाचणी आजी पुन्हा कधी माझ्यात बसणार?

शनिवारच्या आधी एक खेप उरली होती, शिंपीणबाईंची. त्यांच्याकडे या घरचं एक जुनं कपाट होतंच, त्यांना तस्संच दुसरं हवं होतं. सुतार आणि लांबूने कपाट माझ्या हौद्यातून उतरवून त्यांच्या दारात नेलं. शिंपीणबाई गळ्यातली मापाची पट्टी सावरत बाहेर आल्या आणि त्यांनी आधी माझ्या मागच्या काचेतून आत डोकावलं.

"आजी कुठायत?"

"त्या घरी असतात आता. कपाट तपासलंय आम्ही कारखान्यात."

"कारखान्यात?" बाई हसल्या. "अहो, कपाट राहणार माझ्या घरात, आणि तपासलं तुमच्या जमिनीवर? माझ्या लोकरीला त्या जुन्या कपाटात आजवर कसर लागली नाही, ती आजी आत बसल्या होत्या म्हणून. आधी त्यांना घेऊन या, मगच हे आत येईल."

वसतिगृहाच्या सगळ्या खोल्या सुताराच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात, कारण तो हळूच म्हणाला, "लांबू, जमीन... आपण जमीनच विसरलो." कपाट शिंपीणबाईंच्या पडवीत ठेवून त्याने मला असं काही घराकडे पिटाळलं, की माझे आरसे थरथरले.

टाचणी आजी कारखान्यात त्या सीटवर बसल्या होत्या.

"आई, चला लवकर. शिंपीणबाईंकडे जायचंय."

"कशावर बसून?" आजींनी विचारलं.

"पुढे बसा ना. लांबूला इथेच ठेवतो."

"आणि माझी लेक? पाचर काय तुमची मोजपट्टी ठोकणार? मी या सीटवर बसलेय. ही सीट जिथली आहे तिथे लावा. तोवर मी उठायची नाही."

मग जी गंमत झाली ती काय सांगू! सुताराने आणि लांबूने आजींना सीटसकट उचललं आणि माझ्या मागच्या दारापाशी आणलं. सुताराने सवयीने मोजपट्टी काढली आणि आजींचं डोकं मोजलं.

"आई, सीटसकट तुम्ही दारातून मावत नाही, डोकं अडतंय."

"आता मोजताय होय? तेव्हा कपाट मोजलंत, जमीन मोजायची राहिली आणि मलाही मोजायचं राहिलं."

सुताराने मोजपट्टी खिशात टाकली. "चुकलं, आई," तो म्हणाला. "उठा. सीट लावतो. आणि वेल्डरलाही नको म्हणून सांगतो."

आजी लगेच उठल्या. एवढ्याचसाठी तर त्या बसल्या होत्या. सीट जागेवर आली, बोल्ट बसले. शेवटचा बोल्ट आजींनी स्वतः आवळला. मग त्यांनी ओलं फडकं मागितलं, लांबूच्या हातात दिलं आणि माझ्या टपाकडे बोट दाखवलं. लांबूने ती खडूची रेघ एका फटक्यात पुसून टाकली. माझा जीव भांड्यात पडला.

शिंपीणबाईंकडे आजी कपाटात बसल्या. पल्ले मिटले. "उजेड येतोय का?" लेकीने विचारलं.

"येतोय! उजवीकडून, खालून! केवढा तरी येतोय!" कपाट आनंदाने ओरडलं.

वसतिगृहातल्या सगळ्या कपाटांत मग आजी एकेकदा बसून आल्या. मुलं त्यांची वाट बघत रांगेत उभी असत.

या गोष्टीला बराच काळ झाला. आता माझं इंजीन खोकतं, पत्रा गंजलाय, चढावर मला धाप लागते. परवा सुतार पुन्हा तो सांगाडा घेऊन नवीन गाड्या बघायला गेला, माझ्यातच बसून. पण या वेळी त्याने सांगाड्याला हातही लावला नाही. प्रत्येक गाडीपाशी आधी ते बुटकं स्टूल ठेवलं, आजींना हात देऊन मागे बसवलं आणि विचारलं, "आई, उजेड येतोय का?"

"नाही बाई, काचा काळ्या आहेत," आजी एकीत म्हणाल्या. दुसरीत म्हणाल्या, "खिडकी माझ्या डोक्यावरून जाते." तिसरीत त्या जरा जास्त वेळ बसल्या आणि मी श्वास रोखून धरला. मग त्या उतरल्या. "कपाटात अंधार हवा," त्या म्हणाल्या, "आणि गाडीत उजेड. हे यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही."

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कधीतरी गाडी घ्यायला जाल. माल बसतो का ते जरूर बघा, पण तुमच्या घरातलं सगळ्यात लहान नाहीतर सगळ्यात म्हातारं माणूस आधी मागे बसवून बघा. आणि जुनी गाडी असेल तर तिला तेल द्या, पाणी द्या, आणि कापायच्या आधी तिच्यात कोण बसतं ते एकदा आठवा. मलाही कधीतरी जावं लागेल, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी आजी आवारातून लंगडत माझ्याकडे परत आल्या, स्टुलावर पाय देऊन आत बसल्या आणि माझ्या दाराला थोपटून म्हणाल्या, "चल गं भोपळे, घरी."

आणि मी पहिल्याच किल्लीला चालू झाले.