घडी घातलेला कागद

मंगळवारी सकाळी चष्म्याच्या दुकानात नेहमीचंच चाललं होतं. थोरली काचेची कड घासत होती आणि खुर्चीत बसलेले एक निवृत्त मास्तर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवत होते. चुकीची, पण अगदी ठणकावून. थोरलीनं मान वर न करताच सांगितलं, "मास्तर, अंदाज नको. दिसतं तेवढंच वाचा."

हे वाक्य ती बावीस वर्षं दिवसातून दहा वेळा म्हणत आली होती. स्वतःला मात्र एकदाही म्हणाली नव्हती.

दुकान वडिलांचं. पुढे दुकान, मागे वडिलांची खोली, वर थोरलीची. वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून काचा घासणं, फ्रेम सरळ करणं, गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकणं, सगळं तिच्याच गळ्यात. पाठचा भाऊ दुसऱ्या गावी मोठ्या कचेरीत. लहानपणापासून घरात त्याला 'साहेब' म्हणत. पुढे तो खरंच साहेब झाला, त्यामुळे टोपणनावातली सगळी गंमतच गेली.

या घरात एक रीत होती. मुलीची सही हवी असली की वडील कागद घडी घालून पुढे करायचे. वर दिसायची फक्त सहीची रेघ. बापाच्या कागदात वाचायचं काय, असं त्यांचं म्हणणं. साहेबाला मात्र कागद उघडा मिळायचा, बरं का. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही असाच कागद आला होता. वीजमीटरवरचं नाव बदलायचं असेल म्हणून थोरलीनं डोळे पुसत सही केली. आईच्या नावावरच्या अर्ध्या इमारतीतला हक्क तिनं सोडला होता, हे तिला सहा महिन्यांनी कळलं. कळूनही ती गप्प बसली, कारण मालमत्ता फुटली की घर फुटतं, हे अशा घरांत मुलींकडून पाढ्यासारखं घोटून घेतलेलं असतं. मुलग्यांना हा पाढा कुणी शिकवत नाही. त्यांना थेट उत्तरच मिळतं.

दुपारी साहेब आला. पाणी पिण्याआधीच त्यानं नव्या कायद्याचं पुराण लावलं. पुढच्या महिन्यापासून वारशावर कर बसणार, तेव्हा बाबांनी उरलेली अर्धी इमारत आत्ताच त्याच्या नावावर केली तर कर वाचेल, फक्त ताईची एक संमती हवी. वडिलांनी मान डोलावली आणि सवयीनं कागदाची घडी घालून तिच्यासमोर धरली.

थोरलीनं पेन उचललं. पण काच किती जाड आहे हे चिमटीत ओळखणारी बोटं तिची. कागद एक नव्हता, दोन होते.

समोरच्या करसल्लागार बाईंचा चष्मा द्यायचाय, आलेच, असं म्हणून ती चष्म्याबरोबर कागदही घेऊन रस्ता ओलांडून गेली.

बाईंनी नवा चष्मा लावला आणि त्याच चष्म्यातून पहिलं पान वाचलं. मग कपाळाला हात लावला. नव्या कायद्यात गेल्या पाच वर्षांत मिळालेलं सगळं एकत्र धरतात, त्यांनी समजावलं. आईचा अर्धा वाटा साहेबाकडे गेलेलाच आहे. त्यात हाही वाटा पडला की तो करमाफीच्या मर्यादेच्या वर जाणार, मग कागद या महिन्यात करा नाहीतर पुढच्या. माफी प्रत्येक वारसाला वेगळी असते. हा वाटा थोरलीच्या नावावर केला तर कुणालाच कर नाही.

"रोज येतात अशी माणसं," बाई वैतागून म्हणाल्या. "कर वाचवायला म्हणून मुलीला गाळतात, आणि मुलीला गाळलं म्हणूनच कर भरणार."

मग त्यांनी दुसरं पान वाचलं आणि तिच्याकडे सरकवलं.

थोरली परतली तेव्हा तिनं कागद घडी न घालता आणला. साहेबाला बाईंचं म्हणणं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला.

"दर दोन वर्षांनी कायदा बदलतो, ताई. माणसानं करायचं तरी काय?"

"कायदा बदलला की तुम्ही कागद बदलता. मला वगळायचं तेवढं बदलत नाही."

"तुला काय कमी आहे इथं?"

थोरलीनं वडिलांना हाताला धरून तपासणीच्या खुर्चीत बसवलं, जड गोल फ्रेम नाकावर ठेवली आणि एकेक काच घालत गेली. तीन वर्षं ते नंबर तपासून घ्यायला नाही म्हणत होते. बाप मुलीपुढे तपासायला बसतो काय, म्हणे. आता अक्षरं स्वच्छ दिसू लागली तेव्हा तिनं तक्त्याऐवजी दुसरं पान त्यांच्यापुढे धरलं.

"वाचा, बाबा."

ते अडखळत वाचू लागले. मुलाचा कागद त्यांनीही वाचलेला नव्हता. "...इमारत भाड्यानं देण्याकरिता... वरच्या मजल्यावरची खोली महिन्याभरात..." ते थांबले.

"पुढे?"

"दिसत नाही."

"दिसतंय, बाबा. अंदाज नको."

त्यांनी वाचलं, अगदी हळू. "खोली रिकामी करून देण्यास... माझी हरकत नाही." खाली रेघ होती. तिच्या सहीची.

"माझी हरकत आहे," थोरली म्हणाली.

साहेब बरंच काही बोलला. घर फुटेल, लोक हसतील, वकील लावावा लागेल. वडिलांनी फ्रेम काढली नाही आणि कागदाची घडीही घातली नाही. तो तसाच उघडा साहेबाला परत दिला.

आईचा वाटा गेला तो गेलाच. साहेबानं अजून फोन केलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेवर थोरलीच्या अक्षरात एक पाटी लागली. 'सही करण्यापूर्वी कागद इथे बसून वाचावा. चष्मा आम्ही देऊ. पैसे पडणार नाहीत.'

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. येणारेजाणारे वाचायचे, हसायचे, पुढे जायचे. वडील म्हणाले, काढून टाक ती.

गुरुवारी एक बाई आली. दारातच घुटमळली, खुर्ची मोकळी आहे का म्हणून विचारलं. तिच्या मुठीत घडी घातलेला कागद होता.