बुधवारची बाटली

डोंगरावरच्या त्या केंद्रात काम एकच. दर बुधवारी बारा वाजता काचेची एक बाटली हवेने भरायची. अशी एकेचाळीस केंद्रं खंडभर पसरलेली. सगळ्यांच्या बाटल्या प्रयोगशाळेत जायच्या आणि कुठे कुठला वायू कणभर वाढला, त्याचा नकाशा निघायचा. इथला ऑपरेटर हवेची राखण करतो म्हणून लोक त्याला हवालदार म्हणत. चौदा वर्षांत त्याने एक बुधवार चुकवला नव्हता. मेहुणीचं लग्न बुधवारी निघालं, तेव्हा बायको एकटीच गेली. ते ती अजून ऐकवते.

बाटली भरायची रीत कडक. वाऱ्याकडे तोंड करून, श्वास रोखून तोटी उघडायची. स्वतःचा उच्छ्वासही आत जाता कामा नये.

तीन महिन्यांपूर्वी मुख्य कार्यालयाची माणसं गाडी घेऊन केंद्राचा मनोरा रंगवायला आली, नेमकी बुधवारी. त्या बाटलीत धुराचा वायू दुप्पट निघाला. कार्यालय हादरलं. चौकशीला गाडी आली, तीही बुधवारी. आकडा तिप्पट. मग दोन गाड्या आल्या. शेवटी हवालदाराने पत्र लिहिलं, "साहेब, धूर आपल्याच गाड्यांचा आहे." पत्राची गंभीर दखल घेतली गेली आणि समिती नेमली गेली. ती आज तीन गाड्या भरून आली होती. आजही आकडा चढला, तर केंद्र नकाशावरून पुसायचं ठरलं होतं.

"इंजिनं तेवढी बंद करा हो," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"एसी बंद झाला तर साहेब मला बंद करतील. तुमचं तुम्ही बघा, काका."

मोठे साहेब उतरले. "आम्ही इथे नाहीच असं समजा," म्हणाले, आणि नऊ जणांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं.

"साहेब, निदान श्वास तरी रोखा. मिनिटभर."

सगळ्यांनी गाल फुगवले. हवालदाराने तोटी उघडली. विसाव्या सेकंदाला साहेब बाटलीवर वाकले. "आत काहीच दिसत नाही की हो."

नऊच्या नऊ जण खो खो हसले, थेट तोटीवर.

हवालदार राखीव बाटलीकडे धावला. एक सदस्य तिच्यातून पाणी पीत होते. "स्वच्छ वाटली म्हणून घेतली," ते म्हणाले.

दहा दिवसांनी अहवाल आला. 'चारही वेळा गाड्या वेगळ्या, अधिकारी वेगळे. चारही वेळा हजर असलेला इसम एकच, ऑपरेटर. सबब दोष त्याचाच. केंद्राला शेवटची संधी म्हणून यापुढे बाटली समिती स्वतः भरेल. ऑपरेटरने त्या वेळी खाली फाटकावर थांबावं.'

"बरं झालं," बायको म्हणाली. "बुधवार मोकळा झाला तुमचा."

त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी तो फाटकावर उभा होता. वारा खालून वर, सरळ मनोऱ्याकडे वाहत होता. चार गाड्या आल्या. शेवटच्या गाडीला जनरेटर जोडलेला होता.

"वर पंखे लावायचेत," ड्रायव्हर म्हणाला. "उघडा लवकर."

त्याने फाटक उघडलं. आता तेवढंच त्याच्या हातात होतं.