रसूलभाऊंचा पाना

मी एक जुना पाईप-पाना आहे, मित्रांनो. माझ्या जबड्यावर आता गंज चढला आहे आणि कुणी मला हात लावत नाही. पण एके काळी कुरखेड्याच्या आसपास मला न ओळखणारं गाव नव्हतं.

माझे मालक गुलाम रसूल हातपंप दुरुस्त करायचे. गावाचा निरोप आला की मला सायकलच्या कॅरिअरला बांधून ते निघत. पाणी वर आल्याशिवाय कुणाकडे चहाही घेत नसत. घरी आल्यावर मला पुसून तेल लावत. ते दिवस फार चांगले होते.

जंगलाला लागून असलेल्या एका टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, पंपाचा दांडा मात्र आम्हीच काढला होता. तपासणीत त्या पाण्यात फ्लोराइड निघालं. दात पिवळे करणारं, हाडं वाकवणारं. मालकांनी पंपाला धोक्याचा लाल रंग फासला आणि बाया पुन्हा दूरच्या नाल्यावर जाऊ लागल्या.

मग एक लहानसा पक्ष घराघरात ओळख असलेला माणूस शोधत मालकांकडे आला. मालक पंचायत समितीला उभे राहिले आणि चिन्ह मिळालं पाना! मला हार घालून जीपवर बांधलं. लोक टाळ्या वाजवत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

मतदानाला पाच दिवस असताना जीप त्या टोल्यावर गेली. बायांचं एकच मागणं होतं, "रसूलभाऊ, आमची बोरिंग चालू करून द्या."

मालक जीपमधून उतरले. मग त्यांनी लाल रंग खरवडला, निळा लावला, दांडा बसवला. नट मीच आवळला.

रंभाबाई लहानग्या करिष्माला कडेवर घेऊन पुढे आल्या. "भाऊ, पाणी आता चांगलं हाये ना?"

"चांगलं हाये, बाई. मी सोता तपासलो."

त्यांनी तपासलं नव्हतं. निवडून आलो की पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवू, तोवर चालेल, असं जीपमध्ये ते स्वतःशीच पुटपुटले.

एकसष्ट मतांनी ते जिंकले. पुढे सभापती झाले, मग पक्षाचे जिल्हाध्यक्ष. यंत्राचा अर्ज एकदा गेला, परत आला आणि कुठेतरी पडून राहिला. मी कचेरीतल्या काचेच्या कपाटात होतो. तेल नाही, काम नाही. लोक नुसते फोटो काढत.

सात वर्षांनी मालक विधानसभेला उभे राहिले. मला कपाटातून काढलं आणि प्रचारात आम्ही पुन्हा त्या टोल्यावर गेलो. पंपावर एक मुलगी पाणी भरत होती. तिचे गुडघे आत वळले होते. दोन पावलं टाकून ती थांबत होती. ती करिष्मा होती.

रंभाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भाऊ, तुमी तपासले होते ना?"

मालक जीपमध्ये जाऊन बसले.

तेव्हापासून घरी, माझ्यादेखत, ते जेवता जेवता थांबत. "नूरी, बोरिंग कोण मारून राह्यलं?"

"इथी बोरिंग कुठी हाये?" त्यांची बायको म्हणे. "आपल्या घरी तर नळ हाये."

तरी बोरिंगच्या दांड्याचा तो करकर आवाज त्यांचा पिच्छा सोडेना. भाषण करताना ते मध्येच मागे वळून पाहत. मलाही तो ऐकू येई, मित्रांनो.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सभा सोडून ते मला घेऊन एकटेच टोल्यावर गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी खोटं बोललो. पाणी तपासलो नाई."

नट गंजून घट्ट बसला होता. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. दांडा निघेपर्यंत दुपार टळली.

रंभाबाई म्हणाल्या, "दांडा तर नेता, भाऊ. माह्या पोरीचे पाय कोण आणून देईन?"

मालक मला तिथेच टाकून गेले. पुढचं मी टोल्यावरच्या बायांकडून ऐकलं. निवडणूक हरले, पक्षानेही काढलं. आता दर मंगळवारी ते करिष्माला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेतात. पाय सरळ होणार नाहीत, दुखणं तेवढं कमी होईल, असं डॉक्टर सांगतात. करिष्मा त्यांच्यासोबत जाते, पण त्यांच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, अवजारांना जपा, तेल द्या. पण मला हातात घेणारा माणूस कितीही आपला असला, तरी त्याच्याकडे तपासणीचा कागद मागा. रंभाबाईंनी तो मागितला नव्हता. त्यांना रसूलभाऊंचा शब्द पुरेसा वाटला होता.